बॅप्टिस्ट मंडळीतील धर्मत्यागाचा आणि गूढवादाचा आरोप कसा तपासावा

अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन (बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांचा म्हणजे चर्चचा संघ) आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळ्या यांच्यात गेली अनेक वर्षे एक वाद धुमसतो आहे. एखाद्या पाळकाने मौनप्रार्थनेचे शिबिर घेतले, एखाद्या सेमिनरीने (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाने) कॅथलिक मठवासीयाचे लेखन अभ्यासाला लावले किंवा एखाद्या प्रकाशन विभागाने ध्यानप्रार्थनेवरचे साहित्य विक्रीस ठेवले की, ‘हा गूढवाद आहे आणि गूढवाद ही धर्मत्यागाची पायरी आहे’ असा आरोप होतो. असा आरोप ज्यांच्यापुढे येतो ते मंडळीचे वडील (एल्डर), डीकन (मंडळीचे सेवक) किंवा साधे सभासद बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतात. एक तर आरोप करणाऱ्याला भांडखोर ठरवून गप्प बसवतात, नाहीतर ज्याच्यावर आरोप झाला त्याला चौकशीविना दूर करतात. दोन्हींत माणसे दुखावतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून हा आरोप कसा तपासावा, हे येथे मांडतो.

आरोप लेखी घ्या आणि त्याचे दोन भाग करा

धर्मत्याग आणि ध्यानगूढवाद (मौन-ध्यानातून देवाशी थेट एकरूपता शोधणे) हे शब्द एका दमात उच्चारले जात असले तरी ते दोन वेगळे आरोप आहेत. पहिला श्रद्धेविषयी आहे, दुसरा साधनेविषयी. साधना चुकीची असू शकते आणि तरीही ती करणारा माणूस ख्रिस्ताच्या देवत्वावर, वधस्तंभावरील प्रायश्चित्तावर आणि पुनरुत्थानावर पूर्ण विश्वास ठेवणारा असू शकतो. उलट, ज्याने कधी मिनिटभरही मौन धरले नाही असा उपदेशक या तिन्ही गोष्टी मनातून सोडून बसलेला असू शकतो. त्यामुळे पहिले काम म्हणजे आरोप करणाऱ्याकडून दोन स्वतंत्र परिच्छेद लिहून घेणे. या व्यक्तीने कोणते तत्त्व नाकारले, कोठे आणि कोणत्या शब्दांत नाकारले, हे एका परिच्छेदात असावे. ती कोणती साधना करते किंवा शिकवते, हे दुसऱ्यात असावे. पहिला परिच्छेद कोरा राहिला, तर धर्मत्यागाचा शब्द तेथेच मागे घ्यावयास सांगावे.

हा आग्रह धरण्याचे बॅप्टिस्ट परंपरेतच एक गंभीर कारण आहे. सदर्न बॅप्टिस्टांच्या विश्वासाच्या कबुलीनाम्यात असे म्हटले आहे की खरे विश्वासणारे शेवटपर्यंत टिकतात आणि कृपेच्या स्थितीतून कायमचे ढळत नाहीत. या भूमिकेतून पाहिले, तर एखाद्याला धर्मत्यागी म्हणणे म्हणजे तो मुळात विश्वासणारा नव्हताच असे म्हणणे होय. १ योहान २:१९ या वचनाचा आधार त्यासाठीच घेतला जातो. फ्री विल बॅप्टिस्ट मंडळ्या मात्र इब्री ६ व्या अध्यायाच्या आधारे खरा विश्वासणाराही विश्वास सोडू शकतो असे शिकवतात. तेव्हा आरोप करणारा कोणत्या मंडळीचा आहे, हे विचारल्याशिवाय त्याच्या शब्दाचे वजन कळत नाही. पाळकाच्या तारणाचाच निवाडा करणारा हा शब्द शिबिराच्या वेळापत्रकावरून वापरला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मापदंड कोणता, हे आधी ठरवा

कशाशी ताडून पाहायचे हे ठरले नसेल, तर चौकशी हा केवळ गटागटांचा सामना होतो. याचे सर्वांत बोधक उदाहरण अमेरिकेतील नसून लंडनमधील आहे. मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलचे पाळक चार्ल्स स्पर्जन यांच्या मासिकात १८८७ मध्ये ‘डाऊन-ग्रेड’ या नावाने ओळखली गेलेली लेखमाला आली. प्रायश्चित्त, पवित्र शास्त्राची ईश्वरप्रेरणा आणि सार्वकालिक शिक्षा या तत्त्वांपासून बॅप्टिस्ट पाळक घसरत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नावे मात्र घेतली नाहीत. २८ ऑक्टोबर १८८७ रोजी ते बॅप्टिस्ट युनियन या तेथील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघातून बाहेर पडले आणि जानेवारी १८८८ मध्ये युनियनच्या कौन्सिलने त्यांच्यावर ठपका ठेवला. नावे न देता आरोप केल्याची तक्रार त्यामागे होती. दोन्ही बाजूंचे दुखणे खरे होते. नाव नसलेल्या आरोपाला कोणी उत्तर देऊ शकत नाही, हे कौन्सिलचे म्हणणे रास्त होते. पण युनियनच्या सभासदत्वाचा आधार मुख्यतः विश्वासणाऱ्यांचा पाण्यात बुडवून होणारा बाप्तिस्मा एवढाच असल्यामुळे, नावे दिली असती तरी ती कोणत्या तत्त्वपत्राशी ताडून पाहायची, हा स्पर्जन यांचा प्रश्नही तितकाच रास्त होता.

सदर्न बॅप्टिस्टांकडे असे तत्त्वपत्र आहे, म्हणजे वर उल्लेखलेला कबुलीनामा. ते १९२५ मध्ये स्वीकारले गेले आणि १९६३ व २००० मध्ये सुधारले गेले. जुन्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत अशा कबुलीनाम्यांना सदसद्विवेकबुद्धीवर अधिकार नाही असे स्पष्ट म्हटले होते, तर २००० च्या प्रस्तावनेत त्यांना तात्त्विक जबाबदारीचे साधनही म्हटले आहे. आपली मंडळी यांपैकी कोणती आवृत्ती मानते, किंवा तिचा स्वतःचाच वेगळा कबुलीनामा आहे का, हे तिच्या घटनेत पाहावे. २००० च्या आवृत्तीतील १८ कलमांत प्रार्थनेच्या पद्धतीवर स्वतंत्र कलम नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. म्हणजे केवळ मौन धरणे हा त्या कबुलीनाम्याचा थेट भंग ठरवता येत नाही. भंग दाखवायचा असेल तर तो पवित्र शास्त्राच्या अधिकाराच्या, तारणाच्या किंवा ख्रिस्ताच्या मध्यस्थीच्या शिकवणीशी जोडून दाखवावा लागतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. कन्व्हेन्शनला कोणत्याही पाळकाची दीक्षा काढून घेता येत नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि पाळकाला नेमणे किंवा काढणे तिच्याच हाती असते. कन्व्हेन्शन फार तर त्या मंडळीशी असलेले सहकार्याचे नाते तोडू शकते. म्हणून तक्रार कन्व्हेन्शनच्या नॅशव्हिल येथील मुख्यालयाला पाठवून हात झटकता येत नाहीत.

प्रत्यक्षात काय केले जाते, ते पाहा

चौकशीचा खरा गाभा येथे आहे आणि नेमका येथेच आळस होतो. ‘ध्यानप्रार्थना’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे पवित्र शास्त्रातील वचनावर मनन. स्तोत्र १ आणि ११९ यांत रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. प्युरिटन (सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्लंडमधील सुधारणावादी) उपदेशकांनी या मननावर भरपूर लिहिले आणि आजच्या सदर्न बॅप्टिस्टांतही डॉनल्ड व्हिटनी यांच्यासारखे प्राध्यापक आत्मिक शिस्तीचा हा भाग उघडपणे शिकवतात. यात मन वचनाने भरले जाते. यावर आक्षेप घेणाऱ्याने आपला आक्षेप स्तोत्रकर्त्यावर तर जात नाही ना, हे तपासावे.

दुसरी म्हणजे ‘लेक्टिओ दिविना’ या नावाने ओळखले जाणारे वाचन. बाराव्या शतकातील, कार्थुसियन या कॅथलिक संन्यासी पंथाचा मठाधिपती दुसरा गुइगो याने त्याच्या वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. याचा उगम मठात झाला हे खरे, पण पहिल्या तीन पायऱ्या कोणत्याही बॅप्टिस्ट घरातील सकाळच्या उपासनेत सापडतील. प्रश्न चौथ्या पायरीचा असतो. तेथे शिकवणारा शब्दांपलीकडच्या एकरूपतेचे वचन देतो की वाचलेल्या वचनाजवळ शांत बसायला सांगतो, हे शिबिराच्या टिपणांत पाहावे.

तिसरी म्हणजे ‘सेंटरिंग प्रेयर’. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील स्पेन्सर येथील, ट्रॅपिस्ट या कॅथलिक संन्यासी पंथाच्या मठात विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या मठवासीयांनी चौदाव्या शतकातील एका इंग्रजी गूढवादी ग्रंथाच्या आधारे ही पद्धत घडवली. साधक एक छोटा शब्द निवडतो, डोळे मिटून बसतो आणि मनात विचार आला की हलकेच त्या शब्दाकडे परततो. दिवसातून दोनदा, सुमारे २० मिनिटे. या शब्दाच्या अर्थावर मनन करायचे नसते. तो केवळ देवाच्या सान्निध्याला दिलेल्या संमतीची खूण असतो. टीकाकारांचा आक्षेप येथे सर्वांत भक्कम आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बॅप्टिस्ट श्रद्धेत देव आपल्या वचनातून बोलतो आणि माणूस समजून-उमजून उत्तर देतो. अर्थ बाजूला ठेवलेल्या शब्दाकडे परत परत जाणे या नात्यात कोठे बसते, हे शिकवणाऱ्याला सांगता आले पाहिजे. मला स्वतःला याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही, आणि म्हणून मंडळीच्या अधिकृत वर्गात ही पद्धत शिकवू नये असे मी म्हणेन. पण घरी ती करून पाहणाऱ्या सभासदाला धर्मत्यागी म्हणणे हे त्याहून कितीतरी मोठे पाऊल आहे.

साधना कोणती हे कळल्यावर शिकवणाऱ्याला समोर बसवून काही गोष्टी विचाराव्यात. मौनात जे ‘ऐकू आले’ त्याला तो पवित्र शास्त्राच्या बरोबरीचा अधिकार देतो का? ख्रिस्ताच्या मध्यस्थीविना, केवळ अंतर्मुख होऊन, कोणत्याही धर्माचा माणूस त्याच देवापर्यंत पोहोचतो असे तो मानतो का? ही साधना न करणारे विश्वासणारे आत्मिकदृष्ट्या कमी प्रतीचे आहेत असे तो सुचवतो का? पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर कबुलीनाम्याचा भंग खरोखर झाला आहे. तिसऱ्याचे ‘होय’ असेल, तर शिकवणीपेक्षा अभिमानाचा प्रश्न आहे आणि तो पाळकीय समजुतीने सोडवावा.

दोन्ही बाजूंनी वापरली जाणारी वचनेही संदर्भासह वाचावीत. मौनाचे समर्थक स्तोत्र ४६:१० (‘शांत व्हा आणि मीच देव आहे हे जाणा’) नेहमी पुढे करतात; पण त्या स्तोत्रात राष्ट्रे खवळलेली आहेत, धनुष्ये मोडली जात आहेत आणि देव युद्धे थांबवतो आहे, त्यामुळे त्यातून ध्यानाचे तंत्र काढणे ओढाताणीचे आहे. टीकाकार मत्तय ६:७ दाखवतात; तेथे प्रभूने निषेध केला आहे तो बोलण्याच्या भाराने देवाला ऐकायला लावू पाहणाऱ्या बडबडीचा, आणि मौन ही बडबड नव्हे. शिवाय केवळ पुनरुक्तीही निषिद्ध नाही; स्तोत्र १३६ मध्ये तर एकच ओळ प्रत्येक कडव्याला परत येते.

मराठी वाचकाने येथे स्वतःच्या परंपरेची एक गोष्ट आठवावी. नारायण वामन टिळक बॅप्टिस्ट नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. पण त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत गायिली आणि ती आजही आपल्या उपासनेत गायिली जाते. ती ओव्या-अभंगांच्या वळणाची आहे म्हणून तिचा आशय वारकरी ठरत नाही. अमेरिकेतील टीकाकार जेव्हा ‘हे मंत्रजपासारखे दिसते’ एवढ्यावर थांबतात, तेव्हा साम्य कशात आहे, रूपात की आशयात, हे त्यांना विचारले पाहिजे.

नावांची साखळी तोडून पाहा

या वादातील बहुतेक पुरावा साखळीचा असतो. पाळकाने लेखक डॅलस विलर्ड यांचा उल्लेख केला. विलर्ड सदर्न बॅप्टिस्ट दीक्षित होते, पण ते क्वेकर (मौन उपासनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे) लेखक रिचर्ड फॉस्टर यांचे सहकारी होते. फॉस्टर यांनी ट्रॅपिस्ट थॉमस मर्टन यांना आदराने उद्धृत केले. मर्टन १९६८ मध्ये आशियात आले, धरमशाला येथे दलाई लामांना भेटले आणि त्याच वर्षी बँकॉकमध्ये वारले. म्हणून पाळक बौद्ध झाले. प्रत्येक कडी खरी आहे आणि निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

तरीही साखळी जोडणाऱ्याला वेडा ठरवू नये, कारण तिच्यामागे एक विचार आहे. स्वतंत्र मूलतत्त्ववादी बॅप्टिस्टांत ‘दुय्यम विभक्तता’ मानली जाते: धर्मत्यागी माणसापासून दूर राहणे पुरेसे नसून, त्याच्याशी सहवास ठेवणाऱ्या विश्वासणाऱ्यापासूनही दूर राहावे. १९५७ मध्ये बॅप्टिस्ट सुवार्तिक बिली ग्रॅहम यांनी न्यूयॉर्कच्या सभांसाठी उदारमतवादी मंडळ्यांचे सहकार्य घेतले, तेव्हा याच कारणाने त्या गटाने त्यांच्याशी संबंध तोडले. असे मानणाऱ्याला कोणाचे नाव कोणी घेतले हाच पुरावा वाटतो. सदर्न बॅप्टिस्ट कबुलीनाम्यात हे तत्त्व नाही. त्यामुळे त्या मंडळीने त्यानुसार निवाडा करू नये.

साखळी तपासण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक कडीला विचारावे की नेमके काय घेतले. लुईव्हिलच्या सदर्न सेमिनरीतील मंडळी-इतिहासाचे प्राध्यापक ग्लेन हिन्सन १९६० मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना केंटकीतील गेथसेमनी मठात घेऊन गेले आणि तेथे मर्टन त्यांच्याशी बोलले. मध्ययुगीन मठजीवन शिकवणाऱ्या शिक्षकाने मठ दाखवणे यात आक्षेपार्ह काही नाही. पण हिन्सन यांनी पुढे आयुष्यभर ध्यानप्रार्थना स्वतः शिकवली, तेव्हा तपासायची ती त्यांची शिकवण. ती सहल नव्हे.

चौकशी कोणत्या क्रमाने करावी

मत्तय १८:१५-१७ मधील क्रम (आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदारांसह, शेवटी मंडळीपुढे) बॅप्टिस्टांना पाठ असतो, पण छापील पत्रक आधी निघते आणि एकांतातील भेट नंतर होते. आरोप करणारा त्या व्यक्तीला एकटा भेटला आहे का, हे विचारल्याशिवाय कागद स्वीकारू नये. शिकवण जाहीर व्यासपीठावरून दिलेली असेल तर तिला जाहीर उत्तर देता येते, हा प्रतिवाद योग्य आहे. तरी भेटीने गैरसमज उलगडत असतील तर ती टाळण्याचे कारण उरत नाही. वडिलावरील आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, असे १ तीमथ्य ५:१९ सांगते; एकाच पत्रकाच्या तीन प्रती म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. साक्षीदाराने स्वतः ऐकलेले किंवा वाचलेले असावे, आणि उताऱ्याच्या मागचा-पुढचा मजकूर सोबत जोडलेला असावा.

चौकशी करणाऱ्यांत दोन्ही कल असलेली माणसे घ्यावीत. सदर्न बॅप्टिस्टांनी पुराणमतवादी आणि मध्यममार्गी यांच्या वादासाठी १९८५ मध्ये डॅलस येथे नेमलेल्या २२ जणांच्या शांतता समितीत दोन्ही बाजूंचे लोक होते आणि तिने १९८७ मध्ये अहवाल दिला. फूट काही टळली नाही, पण मतभेद प्रत्यक्षात कोठे आहेत हे निदान कागदावर आले.

निर्णय लिहिताना धर्मत्याग आणि साधना यांवर दोन वेगळे निष्कर्ष द्यावेत, प्रत्येकाला कबुलीनाम्यातील कलमाचा आधार दाखवावा, आणि साधनेबाबत आक्षेप टिकला असेल तर नेमके काय थांबवायचे आणि काय चालू ठेवायचे हे सांगावे. आरोप टिकला नाही, तर तो ज्या सभेत वाचला गेला होता त्याच सभेत, तितक्याच मोठ्या आवाजात निर्दोषत्व वाचून दाखवावे आणि सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करून आरोप झालेल्या व्यक्तीला प्रत द्यावी, कारण उद्या तिला दुसऱ्या मंडळीने बोलावले, तर तेथे पहिला प्रश्न याच आरोपाविषयी विचारला जाईल.