ऐहोळेची प्रशस्ती पुरावा म्हणून कशी वाचावी

बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या पराक्रमाविषयी जे काही सांगितले जाते, त्याचा मोठा भाग एकाच संस्कृत प्रशस्तीतून, म्हणजे राजाच्या स्तुतिकाव्यातून, येतो. हे काव्य बागलकोट जिल्ह्यातील ऐहोळे येथे, मेगुती या जैन मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहे. त्याचा कर्ता रविकीर्ती हा राजाश्रित कवी होता, त्यामुळे त्याचे प्रत्येक विधान जसेच्या तसे स्वीकारणे जितके चुकीचे, तितकेच ते सगळे स्तुती म्हणून झटकून टाकणेही चुकीचे ठरेल.

वाचनाला शेवटापासून सुरुवात करावी. अखेरच्या श्लोकांत कवी काळ सांगतो, मंदिर कोणाच्या कृपेने उभे राहिले ते सांगतो आणि स्वतःचे नावही सांगतो. काळ सुट्या संख्यांत विखुरलेला आहे: तीस, तीन हजार, सातशे आणि पाच मिळून भारतयुद्धानंतरची ३७३५ वर्षे होतात, तर पन्नास, सहा आणि पाचशे मिळून शकांची ५५६ वर्षे होतात. ही वर्षे ‘उलटून गेलेली’ आहेत, हे लक्षात ठेवून शकवर्षात ७८ मिळवले की इ.स. ६३४-३५ हा काळ हाती येतो. याच ठिकाणी रविकीर्ती आपली कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची असल्याचे सांगतो. हा अभिमान कितपत खरा, हा रसिकांचा प्रश्न आहे. इतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट इतकीच, की हे दोन्ही कवी ६३४ पूर्वीच दख्खनमध्ये थोर मानले जात होते.

त्यानंतर कवीला अडचणीचा वाटला असेल असा मजकूर शोधावा, कारण स्तुतिपाठकाने नाइलाजाने सांगितलेली गोष्ट सहसा खरी असते. पुलकेशीचा चुलता मंगलेश हा गादी आपल्या मुलाकडे जावी अशा खटपटीत होता. ती खटपट, राज्य आणि जीवित ही तिन्ही त्याने एकदमच गमावली, असे कवी एका दमात सांगून मोकळा होतो. वाक्य डौलदार आहे, पण आशय गृहकलहाचा आणि चुलत्याच्या अंताचा आहे. पुढच्याच श्लोकांत जग शत्रुरूपी अंधाराने झाकोळल्याचे वर्णन येते आणि आप्पायिक व गोविंद हे दोघे भीमरथीच्या, म्हणजे भीमा नदीच्या, उत्तरेकडचा प्रदेश जिंकण्यासाठी चालून येतात. त्यांपैकी एकाला पळवून लावले आणि दुसऱ्याला आपलेसे केले, यावरून नव्या राजाचे आसन किती डळमळीत होते हे स्पष्ट होते.

विजयांची यादी वाचताना नकाशा जवळ ठेवावा. बनवासी, गंग, आळुप, कोकणचे मौर्य, पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलेली पुरी, लाट (दक्षिण गुजरात), मालव, गुर्जर, कोसल, कलिंग, पिष्टपूर आणि कांची ही नावे बव्हंशी भूगोलाच्या ओघाने येतात, म्हणून त्या क्रमाला कालक्रम समजू नये. पुरीवर शेकडो नौकांनी हल्ला झाला असे कवी म्हणतो, परंतु ही पुरी म्हणजे घारापुरी की राजपुरी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य पुलकेशीने मिळवले, हे विधान मराठी वाचकाला हमखास सुखावते. त्यातून तीन विभागांची कल्पना घ्यावी, पण गावांची संख्या मोजणीचा आकडा म्हणून घेऊ नये.

हर्षवर्धनाविषयीचा श्लोक तर सर्वांत सावधपणे वाचावा. भीतीने हर्षाचा हर्ष गळून गेला, असा श्लेष कवीने साधला आहे. तेथे रणांगणात पडलेले हत्ती आहेत, पण युद्धाचे वर्ष नाही. येथे दुसरा साक्षीदार लागतो आणि सुदैवाने तो आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याला हर्षाचा आश्रय लाभला होता, तरीही हर्षाने स्वतः सैन्य नेऊनसुद्धा महाराष्ट्राच्या राजाला नमवता आले नाही, अशी नोंद तो करतो. आपल्या आश्रयदात्याला कमीपणा आणणारी ही साक्ष रविकीर्तीच्या श्लोकापेक्षा अधिक वजनदार आहे. वर्षाच्या बाबतीत मात्र अभ्यासकही चकले होते. ६३० च्या लोहणेर ताम्रपटात हर्षाचे नाव नाही, म्हणून युद्ध त्यानंतर झाले असावे असा तर्क रूढ होता. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ६१९ च्या ताम्रपटात हर्षावरील विजयाचा उल्लेख आढळला आणि तो तर्क कोसळला. एखाद्या लेखातील मौनावर कालनिर्णय उभारू नये, तो यासाठी.

शेवटी शत्रूचे लेख समोर ठेवावेत. पल्लव राजा कांचीच्या तटाआड दडला असे रविकीर्ती म्हणतो, तर पल्लवांच्या कूरम ताम्रपटात नरसिंहवर्म्याने पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर ‘विजय’ ही अक्षरे लिहिल्याचे वर्णन आहे. हीही प्रशस्तीच असल्याने तिलाही तीच कसोटी लावावी. इ.स. ६४२ च्या सुमारास पल्लवांनी वातापी, म्हणजेच बदामी, घेतली, ही गोष्ट मात्र अशा अलंकारांवर अवलंबून नाही, कारण नरसिंहवर्म्याच्या कारकिर्दीतील लेख बदामीच्याच खडकावर कोरलेला आहे.