औषधांच्या वहीत एक जादा रकाना

घरच्यांचे आभार मानावेत, असे कोणी सुचवले की मराठी घरात बहुतेकांना अवघडल्यासारखे होते. आईला ‘थँक्यू’ म्हटले तर ‘मी काय परकी आहे का?’ असे ती विचारते, आणि तिचे फारसे चुकतही नाही. मात्र ‘कृतज्ञ’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘केलेले जाणणारा’ असा आहे. म्हणून सुरुवात बोलण्याऐवजी जाणण्यापासून करावी.

माझे वडील अर्धांगवायूमुळे दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते, तेव्हा हे मला उशिराच उमगले. घरात रुग्ण असला की रक्तदाब, साखर आणि औषधांच्या वेळा टिपण्यासाठी एक वही असतेच. त्याच वहीत ‘कोणी केले’ असा एक जादा रकाना आखावा. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते. रात्रीच्या अकरा, एक, तीन आणि पाच या वेळांसमोर कोणाचे नाव येते, हे आठवडाभर पाहिले की घर कोणाच्या झोपेवर चालले आहे ते दिसते. आमच्या वहीत बहुतेक रात्री वहिनींचे नाव होते. तोवर मी भेटायला येणाऱ्यांना ‘आम्ही सगळे मिळून बाबांचे करतो’ असे सांगत असे.

आजारपण नसलेल्या घरातही हा रकाना उपयोगी पडतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७, असे आढळले.

आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरावीक वारी, त्या नोंदींतून चार-पाच गोष्टी निवडून सविस्तर लिहाव्यात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. कटकटी लिहून काढणाऱ्या गटापेक्षा या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटत होते. रोज लिहिण्याचा अट्टहास मात्र मी करणार नाही, कारण चौथ्या दिवशी ‘आई, बाबा, आरोग्य’ अशी हजेरी लागू लागते.

यानंतर बोलावे. ‘तुम्ही किती करता हो!’ हे कोरडे कौतुक झाले. ‘वहिनी, काल रात्री तीनला तुम्ही उठलात, म्हणून मला सलग झोप मिळाली, आज आणि उद्या रात्री मी उठतो,’ या वाक्यात काम आहे, त्याचा परिणाम आहे आणि पुढची तजवीजही आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करताना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणण्याची रीत आहे. ज्या खांद्यावर जू असते, तोच खांदा शेतकरी चोळतो. घरातही नेमक्या दुखऱ्या जागी हात पोहोचावा.

कठीण प्रसंगी ही रीत बदलावी लागते. रुग्णालयाचे बिल कोणी भरायचे यावरून भावंडांत वाद पेटलेला असताना चांगले काही शोधत बसू नये. राग ओसरेपर्यंत, निदान एक रात्र, थांबावे. मग पानाच्या एका बाजूला तक्रार जशीच्या तशी लिहावी आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसाने केलेली एक खरी गोष्ट. माझ्या पानावर डावीकडे ‘दादा चार महिन्यांत एकदाच आला’ असे होते आणि उजवीकडे ‘एअर बेडचे पैसे न मागता पाठवले’ असे. उजव्या बाजूने डावी बाजू खोडायची नसते. दोन्ही खरे असते. उजवी बाजू कोरी राहिली, तर कोरीच ठेवावी. घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर हा खटाटोप मुळीच करू नये, मदत मागावी. आणि ‘घराचे उपकार विसरलास का?’ हा प्रश्न कोणालाही घालू नये, कारण उपकार बोलून दाखवले की ऐकणाऱ्याच्या मनात फक्त कर्ज उरते.

दूर राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते, कारण त्यांच्यासमोर वही नसते. पुण्याहून किंवा परदेशातून फोन करताना ‘सगळे ठीक ना?’ असे विचारले की ‘हो’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी रात्री किती वेळा उठावे लागले, आज जेवण कधी झाले, बाहेर शेवटचे कधी पडलात, असे विचारावे. पलीकडून ‘चाललंय कसंबसं’ असे उत्तर आले, तर लगेच सल्ला न देता ऐकत राहावे, आणि फोन ठेवण्यापूर्वी पुढच्या कोणत्या तारखांना आपण तेथे जाऊन रात्रपाळी करणार, ते सांगावे.