स्टेलनबॉशमध्ये वाइन चाखायला जाताना: एक रस्ता, तीन मळे

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विमानतळापासून गाडीने साधारण अर्ध्या-पाऊण तासात स्टेलनबॉश येतं. गाव १६७९ चं. चारी बाजूंनी डोंगर, डोंगरांच्या उतारावर द्राक्षं आणि दर एक-दोन किलोमीटरवर कुठल्या ना कुठल्या मळ्याची पाटी. पाट्यांची ही गर्दी बघून पहिल्यांदा येणारा माणूस एका दिवसात सहा मळे ठरवून टाकतो. चौथ्या मळ्यात जीभ थकलेली असते, डोकं जड झालेलं असतं आणि समोर आलेली त्या दिवसातली सगळ्यात चांगली वाइन नुसती तुरट लागते. म्हणून दिवसाला तीन मळे, तेही एकाच रस्त्यावरचे, एवढंच ठरवा.

हिशोब साधा आहे. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन्स मिळतात आणि प्रत्येकी २५ ते ३० मिली ओततात. म्हणजे एका मळ्यात दीडशे मिली आणि तीन मळ्यांत साडेचारशे. ७५० मिलीच्या बाटलीतली अर्ध्याहून जास्त वाइन झाली ही. इथल्या लाल वाइन्समध्ये अल्कोहोल बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यात जानेवारी-फेब्रुवारीचं, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचं ऊन. सगळं गिळत गेलात तर दुपारनंतरचं काहीच लक्षात राहणार नाही.

गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा

दक्षिण आफ्रिकेत रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे आपल्याला ते सोपं वाटतं. पण दारू पिऊन चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ०.०५ ग्रॅम आहे. आपल्याकडे ती ०.०३ आहे. आकडा आपल्यापेक्षा सैल दिसला तरी पाच घोट गिळल्यावर आपण नेमके कुठे आहोत हे कुणालाच अंदाजाने सांगता येत नाही. तेव्हा चौघांत एकाने दिवसभर फक्त वास घ्यायचा आणि थुंकायचं, नाहीतर ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरवायची. गावात उबर मिळते. मळ्यापर्यंत सोडायला ती सहज येते, पण परत न्यायला दुपारी चारनंतर लवकर सापडत नाही. आत शिरतानाच टेस्टिंग रूममधल्या माणसाला विचारून ठेवा, त्यांच्याकडे टॅक्सीवाल्यांचे नंबर असतात.

शेजारच्या फ्रान्सहूकमध्ये वाइन ट्राम आहे. ट्राम आणि बस मिळून ठरलेल्या मार्गांवर फिरतात. आपण दिवसासाठी एक मार्ग निवडायचा, हव्या त्या मळ्यावर उतरायचं आणि पुढच्या फेरीला चढायचं. गाडीची चिंता नको असेल तर उत्तम सोय आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. ट्रामच्या तिकिटात टेस्टिंगचे पैसे धरलेले नसतात. आणि पुढची फेरी ठरल्या वेळी येते, त्यामुळे आवडलेल्या ठिकाणी रेंगाळता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर तिकीट आधीच काढा.

दिवस कसा आखावा

आर ४४ हा रस्ता गावातून उत्तरेला सायमन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याने जातो. पहिल्या दिवसासाठी याच्यासारखा रस्ता नाही. १९७१ मध्ये सायमन्सिग, स्पिअर आणि डेलहाइम या तीन मळ्यांच्या मालकांनी मिळून स्टेलनबॉशचा वाइन रूट सुरू केला. त्यातले दोन मळे या रस्त्यालगत आहेत.

सकाळी दहाला सायमन्सिग. सकाळी जीभ ताजी असते, तेव्हा फेसाळ आणि पांढऱ्या वाइन्स आधी घ्याव्यात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेस आणलेल्या वाइनला इथे ‘कॅप क्लासिक’ म्हणतात. त्या पद्धतीची केपमधली, म्हणजे केप टाउनभोवतीच्या या प्रदेशातली पहिली वाइन, काप्से फोंकेल, याच मळ्यात १९७१ च्या हंगामात झाली, आणि ती शेनिन ब्लां द्राक्षाची होती. या द्राक्षाकडे पुढे येतोच.

साडेबाराच्या सुमाराला डेलहाइम. जेवण इथेच उरका. जेवणानंतर तासभर सावलीत बसा आणि पाणी प्या. केपमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. मग तीनच्या आत कॅनॉनकॉप. नावाचा अर्थ तोफेची टेकडी. केप टाउनच्या टेबल बे या उपसागरात जहाज आलं की टेकडीवरून तोफ उडायची आणि ते ऐकून शेतकरी माल घेऊन बंदराकडे निघायचे. आता ही जागा लाल वाइन्सची आहे, विशेषतः पिनोटाज या इथल्याच द्राक्षाच्या वाइनची. उघड्या सिमेंटच्या टाक्यांमध्ये आंबवण आणि वर तरंगून येणाऱ्या सालींचा थर पुन्हा पुन्हा खाली दाबणं, हे इथलं काम. जड, तुरट वाइन्स दिवसाच्या शेवटी असल्या की त्यांच्यानंतर काही नाजूक चाखायचं राहून जात नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर आर ३१० ने हेल्सहूख्टे घाट चढा. माथ्यावर टोकारा आणि डेलेअर ग्राफ हे मळे, उतरताना बॉशेनडाल. वाटेत प्नील हे छोटं गाव लागतं. गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांसाठी १८४३ मध्ये वसवलेलं हे ख्रिस्ती मिशनचं गाव. तिथे अर्धा तास थांबाच. केपच्या या सुंदर पांढऱ्या भिंती आणि जुने मळे गुलामांच्या कष्टावर उभे राहिले, आणि त्या गुलामांत बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेली माणसंही होती. तेव्हाच्या डच राजवटीच्या नोंदींमध्ये ‘व्हान बेंगाले’, ‘व्हान मलबार’, म्हणजे बंगालचा, मलबारचा, अशी नावं सापडतात. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं.

बुकिंग आदल्या आठवड्यात करा. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर ते हवंच. बरेच मळे चार-पाचला बंद होतात, रविवारी काही उघडतच नाहीत, आणि गुड फ्रायडे व नाताळला बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. टेस्टिंगचे साधारण १०० ते २५० रँड पडतात, मोठ्या नावाच्या ठिकाणी त्याहून जास्त. एक रँड म्हणजे ढोबळमानाने पाच रुपये. काही मळे बाटली घेतली की टेस्टिंगचे पैसे सोडतात, म्हणून बिलाआधी विचारा. टिप दहा टक्के द्यायची पद्धत आहे.

ग्लास हातात आल्यावर

सकाळी अत्तर किंवा परफ्यूम लावू नका. तुमचंच नाही, शेजारच्या टेबलाचंही नाक त्याने बंद होतं. बडीशेप, पानमसाला, मिंटची गोळी आणि तिखट नाश्ता या चारही गोष्टी तासभर तरी जिभेवर राहतात. पोटात मात्र काहीतरी हवं. टोस्ट, अंडं, केळं चालेल.

ग्लास दांडीला धरा. वाटीला धरला की हाताच्या उबेने पांढरी वाइन दोन मिनिटांत कोमट होते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका करून कड बघा. कोवळ्या लाल वाइनची कड जांभळी असते, वयाबरोबर ती विटकरी होत जाते, पार जांभ्या दगडाच्या रंगापर्यंत. मग ग्लास न हलवता एक वास घ्या. त्यानंतर ग्लासचा तळ टेबलावरच ठेवून तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या. हवेत उचलून फिरवायला गेलं की नवख्या माणसाच्या शर्टावर डाग ठरलेला.

ओला पुठ्ठा किंवा पावसाळ्यात दमटलेल्या वर्तमानपत्राचा वास आला आणि फळाचा वास नाहीसाच झालेला असेल, तर बुचामुळे ती बाटली खराब झालेली आहे. संकोच न करता सांगा. चांगल्या मळ्यात ते स्वतः वास घेऊन दुसरी बाटली उघडतात.

घोट छोटा, चहाच्या चमच्याभर किंवा त्याहून थोडा जास्त. तो आठ-दहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरू द्या. कडेने लाळ सुटली की आंबटपणा चांगला आहे. आवळा किंवा जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या जशा आवळतात तसं झालं तर ते टॅनिन, म्हणजे सालींचा आणि बियांचा तुरटपणा. ते थोडं असणं चांगलंच. मात्र घशाखाली गेल्यावर फक्त तुरटपणा उरला आणि फळ राहिलं नाही, तर वाइन कच्ची आहे किंवा तिचा तोल साधलेला नाही.

आणि आता थुंकणं. प्रत्येक टेबलावर पिकदाणीसारखं भांडं असतं. आपल्या लोकांना त्याचा फार संकोच वाटतो, पण वाइन बनवणारी माणसं दिवसभर तेच करतात आणि तिथे ते असभ्य मानत नाहीत. भांडं हातात घेऊन तोंडाजवळ आणा, ओठ आवळून पातळ धार सोडा. लांबून प्रयत्न केला की शिंतोडे उडतात. ग्लासात उरलेली वाइनही तिथेच ओता. पाचांतली सगळ्यात आवडलेली एक गिळा, बाकीच्या थुंका. घरी सिंकपाशी पाण्याने दोनदा सराव करून गेलात तर तिथे धांदल उडत नाही.

दोन वाइन्सच्या मध्ये ग्लास पाण्याने विसळला तर तो नीट निथळू द्या. तळाशी राहिलेलं चमचाभर पाणी ३० मिली वाइन पातळ करायला पुरतं.

काय मागायचं

शेनिन ब्लां आधी. इथे जुने लोक तिला ‘स्टीन’ म्हणतात, आणि देशात सगळ्यात जास्त लागवड याच द्राक्षाची आहे. नाशिकच्या वाइन्स चाखलेल्यांना हे नाव घरचं वाटेल, आपल्याकडची बरीचशी पांढरी वाइन याच द्राक्षाची असते. दोन्हीकडे काढणीही साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. केपमध्ये तेव्हा उन्हाळा संपत आलेला असतो. नाशकात मात्र पावसाळ्यानंतर छाटणी करून पीक मुद्दाम हिवाळ्यात घेतलेलं असतं. फरक ग्लासात दिसतो. इथे दोन शेनिन शेजारी शेजारी मागा, एक स्टीलच्या टाकीतली आणि एक ओकच्या लाकडी पिंपातली. पहिलीत पेरू आणि हिरवं सफरचंद, दुसरीत मध, भाजलेलं अननस आणि जरा भरीव अंग. याच एका तुलनेतून पिंप काय करतं ते जितकं कळतं, तितकं दहा वाइन्स चाखूनही कळत नाही.

बाटलीच्या मानेवर ‘सर्टिफाइड हेरिटेज व्हिनयार्ड्स’ची मोहर दिसली तर ती जरूर मागा. ३५ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या वेलींच्या वाइनला ती मिळते, आणि वेली कुठल्या साली लावल्या तेही मोहरेवर छापलेलं असतं. जुन्या वेलीला घड कमी लागतात, त्यामुळे रस दाट असतो.

मग पिनोटाज. १९२५ मध्ये प्राध्यापक अब्राहम पेरॉल्ड यांनी स्टेलनबॉशमध्येच पिनो न्वार आणि सँसो या दोन द्राक्षांचा संकर करून हे वाण तयार केलं. सँसोला तेव्हा इथे ‘हर्मिटाज’ म्हणत, त्यावरून हे जोडनाव. चांगल्या पिनोटाजमध्ये जांभूळ, आलुबुखार आणि किंचित धूर असतो. हाताळणी चुकली की पिकलेल्या केळ्याचा, नेलपॉलिशचा किंवा जळक्या रबराचा वास येतो. पहिलीच पिनोटाज तशी निघाली तर वाणाला नावं ठेवू नका, दुसऱ्या मळ्यातली चाखा. कॉफीसारखी लागणारी पिनोटाजही मिळते. तिच्यात कॉफी नसते, ती चव खरपूस भाजलेल्या ओकची. आमच्या मते त्या चवीखाली फळ दबून जातं.

लेबलवर ‘वाइन ऑफ ओरिजिन’ म्हणून जागेचं नाव असेल तर द्राक्षं शंभर टक्के तिथलीच. वाण आणि साल छापायला मात्र ८५ टक्के पुरतात.

कडक शाकाहारी असाल तर एक प्रश्न विचारा: वाइन कशाने निवळली? काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. ‘व्हीगन’ वाइन कोणती, असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं. खाण्याच्या थाळीतही बिल्टाँग, म्हणजे सुकवलेलं मांस, असू शकतं. ऑर्डर देतानाच ते वगळायला सांगा.

बाटल्या घरी आणताना

उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. दोन तासांत बूच वर सरकतं आणि वाइनला शिजलेल्या फळाची चव येते. म्हणून बाटल्या एसी असलेल्या भागात, पायांपाशी ठेवा, आणि जेवायला उतरताना त्याही आत न्या. मळ्याचे लोक आनंदाने सांभाळतात.

भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली आणि तिच्यावर जबर कर. नवरा-बायको मिळून चार, हा सरळ हिशोब. चेक-इन बॅगेतच टाका. मध्ये विमान बदलायचं असतं, त्यामुळे हातातली बाटली पुढच्या तपासणीत जाऊ शकते. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलो, कॅप क्लासिकची काच जाड असल्याने ती आणखी जड. प्रत्येक बाटली बबल रॅपमध्ये, मग कपड्यांत, आणि बॅगेच्या मधोमध, कडेला नको. स्क्रू कॅपची असेल तर प्रवासात सगळ्यात निर्धास्त.

घरी आल्यावर लगेच उघडू नका, दोन आठवडे स्वस्थ राहू द्या. बुचाची बाटली आडवी ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या स्वयंपाकघरात वाइन आठवडाभरही नीट राहत नाही, म्हणून फ्रिजच्या तळाच्या भाजीच्या खणात ठेवा. लाल वाइन प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, पांढरी दहा मिनिटं आधी.