मिग-21 चं छोटं मॉडेल: चंदेरी रंग काहीच लपवत नाही

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-21 या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला आणि माझ्या ओळखीतल्या तिघांनी लगेच त्याचं किट, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मॉडेल करायचा संच, मागवलं. नाशिकजवळच्या ओझरला ही विमानं वर्षानुवर्षं बनत होती, त्यामुळे आपल्याकडे या विमानाचा जिव्हाळा जरा जास्तच. त्या तिघांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

किट 1/72 मापाचं घ्या. म्हणजे अशी बहात्तर मॉडेलं नाकाला शेपूट लावून एका रांगेत ठेवली, तर खऱ्या विमानाएवढी लांबी होईल. मॉडेल साधारण वीतभर लांब, पंखांचा पसारा जेमतेम दहा सेंटीमीटर.

डबा उघडण्याआधी नेमकं कोणतं विमान करायचं ते ठरवा. मिग-21 चे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची पाठ, नाक, शेपूट थोडं वेगळं. मी इथे एफएल धरतो. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागणारी विमानं याच प्रकारची. एफएलला अंगची तोफ नव्हती, पोटाखाली वेगळी जोडावी लागे. ढाक्याचं विमान करायचं तर पंखांखाली 57 मिलिमीटरच्या रॉकेटांचे पॉड (रॉकेटं ठेवायची नळकांडी) लावा. फोटो शोधून समोर चिकटवून ठेवा, डब्यावरच्या चित्रावर विसंबू नका.

सगळे भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचा तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यापासून पिळून तोडू नका, कटरने थोडं अंतर सोडून कापा आणि उरलेला दाणा नंतर घासा.

कॉकपिट आतून निळसर हिरवं रंगवा, ही रशियन विमानांची खूणच. यात आठवडा घालवू नका, काच बसल्यावर फारसं दिसत नाही.

आता नाकातलं वजन. मिगची मागची चाकं बरीच पुढे असतात, त्यामुळे रिकामं मॉडेल शेपटीवर बसतं. माझं पहिलं असंच बसलं, तेही सगळा रंग झाल्यावर! नाकातल्या शंकूत मासेमारीचं शिसं किंवा सायकलच्या दुकानातले छर्रे भरून पक्के चिकटवा. मग भाग रबरबँडने बांधून चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून बघा. नाक खाली झुकलं पाहिजे.

खरी कसोटी सांध्याची. मिगचं धड म्हणजे सरळ नळी, आणि तिचे डावा-उजवा असे दोन भाग जोडायचे. पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा द्रव, ब्रशने सांध्यावर टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं आणि प्लॅस्टिक वितळवतं. मिनिटभराने दोन्ही भाग दाबा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वळी सांध्याबाहेर आली की समजा जमलं. कपड्यांचे चिमटे लावून दोन दिवस हात लावू नका. मग ती वळी तासा आणि 400, 800, 1200 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. हिरव्या-करड्या रंगाखाली थोडा सांधा खपतो, पण आपलं विमान चंदेरी करायचंय आणि चंदेरीखाली केसाएवढी रेघसुद्धा ओरडून सांगते. म्हणून करड्या प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) हात मारा, दिवा आडवा धरून बघा, दिसलं तर पुन्हा घासा. मला तीन फेऱ्या लागतात. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनलच्या (पत्र्याच्या तुकड्यांच्या) रेषा सुईने पुन्हा कोरा.

प्रायमरवर चकचकीत काळा, तो नीट वाळल्यावर चंदेरीचे पातळ थर. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर उत्तम. हार्डवेअरच्या दुकानातला चंदेरी स्प्रे नको, त्याचे कण या मापाला वाळूसारखे दिसतात. पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते. शेपटीकडचा, इंजिनाजवळचा पत्रा थोडा गडद ठेवा. नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं.

डेकल, म्हणजे चिन्हांची पाण्याने सुटणारी चित्रं, कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून सरकवत बसवा. गोल चिन्हात केशरी बाहेर, हिरवा मध्ये. खाली हवा राहिली तर चंदेरीवर लगेच चकाकते, म्हणून मधून कडेकडे ओल्या ब्रशने दाबत जा.

कॉकपिटच्या काचेला सुपरग्लू कधीही नको, वाफेने काच धुरकट होते. फेव्हिकॉल लावा. वाळला की पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या काडीने पुसता येतो.

नाकावरची पिटो नळी (विमानाचा वेग मोजायची बारीक नळी) अगदी शेवटी. किटमधली जाड असते आणि बाही अडकून हमखास तुटते. मी तिच्याऐवजी इंजेक्शनची नवी बारीक सुई लावतो, टोक कानशीने बोथट करून.