जुना रिसीव्हर बसला? नवा घेताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचा तो डबा, जो टीव्हीचा आवाज घेऊन तो वाढवून सगळ्या स्पीकरना देतो. तो बसला तर आधी एक करा, लगेच दुकानात पळू नका. रिसीव्हर 'गेला' म्हणजे नक्की काय गेलं ते बघा. चालू केला की दोन सेकंदात टक् करून बंद होतो, समोर प्रोटेक्ट असं काहीतरी झळकतं, तर बऱ्याच वेळा मागे स्पीकरच्या वायरीची एखादी बारीक तार सुटून शेजारच्या टर्मिनलला चिकटलेली असते, बाकी काही नसतं. प्लग काढून सगळ्या स्पीकर वायरी सोडवा आणि नुसता डबा चालू करा. राहिला चालू तर भानगड वायरीत नाहीतर स्पीकरमध्ये आहे. मग एकेक वायर लावत जा, दर वेळी स्विच बंद करून, चोर सापडतो.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे एफएम लागतो, ऑक्सवरून गाणं वाजतं, पण एचडीएमआयवरून ना चित्र ना आवाज. म्हणजे एचडीएमआय बोर्ड गेलाय, अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा भाग, ठणठणीत आहे. पावसाळ्यात वीज कडाडली की हे खूप होतं, केबलच्या नाहीतर सेट टॉप बॉक्सच्या वायरीतून झटका येतो आणि पोर्ट उडतात. जुन्या मॉडेलचा हा बोर्ड मिळणं अवघड, मिळालाच तर भाव ऐकून गप्प बसाल. पण घरी पाचच स्पीकर असतील तर नवीन घ्यायची गरजच नाही, सगळे बॉक्स थेट टीव्हीला लावा, टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून एक केबल रिसीव्हरला द्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट डॉल्बी डिजिटल करा, ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सुरू. अॅटमॉस, म्हणजे वरून छताकडूनही येणारा आवाज, मिळणार नाही, पण वर स्पीकरच नसतील तर ते तसंही कुठे मिळत होतं.

हे सगळं करून झालं आणि तरी बदलायचाच आहे, तर पुढे वाचा. माझं मत सरळ आहे, रिसीव्हरमधला अॅम्प पंधरा वर्षं चालतो, म्हातारी होतात ती मागची पोर्टं आणि आतली चिप. म्हणून पोर्टांच्या आणि फीचरांच्या मागे लागून महागडा डबा घेऊ नका, चित्राचं काम टीव्हीवर सोडा आणि रिसीव्हरकडून फक्त आवाज काढून घ्या.

पण त्याआधी स्पीकर तपासा, इथे लोक जाम फसतात. तुमचा जुना सेट जर डीव्हीडीवाला, सगळं एकाच खोक्यात आलेलं होम थिएटर असेल, तर त्याचे स्पीकर नव्या रिसीव्हरला लावता येतीलच असं नाही. मागच्या स्टिकरवर ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) किती लिहिलेत ते बघा, त्या सेटांमध्ये बऱ्याचदा ३ ओहमचे स्पीकर असायचे आणि आजचे स्वस्तातले रिसीव्हर ६ ओहम किंवा त्याच्या वरचे मागतात. ३ ओहम लावून आवाज वाढवला की डबा तापणार आणि प्रोटेक्टमध्ये जाणार. शिवाय त्यांचा सबवूफर (जाड बेसचा स्पीकर, थोडक्यात सब) पॅसिव्ह असतो, म्हणजे त्यात स्वतःचा अॅम्प नसतो, आणि रिसीव्हरच्या मागे सबसाठी नुसता सिग्नलचा एक आरसीए पोर्ट असतो, त्याला पॉवर्ड सबच लागतो. म्हणजे असल्या सेटवाल्याचं बजेट रिसीव्हरपुरतं नसतं, स्पीकर आणि सबचं पण धरावं लागतं, आणि तसं असेल तर जास्त पैसे स्पीकरवर घाला, कारण कानाला फरक तिथे कळतो.

आता चॅनल किती. दुकानात ७.२ च दाखवतील. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब (५.२, ७.२ मधला .२ म्हणजे दोन सबची सोय), ५.१.२ म्हणजे त्यावर छताचे दोन, तेव्हा अॅटमॉससाठी सात चॅनलचा अॅम्प लागतो. स्वतःला एकच प्रश्न विचारा, पुढच्या दोन-तीन वर्षांत मी खरंच छताला स्पीकर लावणार आहे का. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक स्लॅबला ड्रिल मारू देणार नाही, पीओपीचं फॉल्स सीलिंग आधीच झालेलं असेल तर वायर ओढायला परत तोडफोड, आणि घरात कोणी त्याला हो म्हणेल का हे तुम्हालाच ठाऊक. उत्तर 'बघू' असं येत असेल तर ते 'नाही'च समजा आणि ५.१ किंवा ५.२ घ्या. घराचं काम अजून चालू असेल तर मात्र सात चॅनलचा घ्या आणि आत्ताच वायरी टाकून ठेवा, भले स्पीकर नंतर येऊ देत.

वॅट हा तर निव्वळ बाजार आहे. एकाच मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात पावणेदोनशे वॅट आणि मॅन्युअलमध्ये ८० वॅट असं असू शकतं आणि दोन्ही खरं असतं. मोठा आकडा १ किलोहर्ट्झवर, एकच चॅनल चालवून, ६ ओहमवर, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) धरून काढलेला असतो, म्हणजे ज्या पातळीला आवाज फाटलेला असतो. तुलना करायची तर ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्क्यांच्या आसपास डिस्टॉर्शन, हा आकडा बघा, दोन्ही मॉडेलचा तोच धरा. आणि समजा एक ८० आणि दुसरा १०० निघाला, तर फरक फक्त १ डेसिबलचा आहे, कानाला जेमतेम कळतो. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात. साधा ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो, आपल्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सोफा कितीसा लांब असतो, तिथे बसून नेहमीच्या आवाजात पिक्चर बघताना काही वॅटांवरच काम भागतं, मोठे धमाके आले की तेवढ्यापुरती जास्त ताकद लागते. २० वॅट जास्त आहेत म्हणून दहा हजार जास्त देऊ नका.

मग एचडीएमआय २.१ (नव्या पिढीचा पोर्ट), ८के, ४के १२० हर्ट्झ वगैरे. पीएस५ किंवा एक्सबॉक्स असेल तर ते थेट टीव्हीला लावा, टीव्हीच्या ईआर्क पोर्टमधून (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारा एचडीएमआय पोर्ट, आर्क हा त्याचा जुना प्रकार) एक केबल रिसीव्हरला, झालं. ४के १२० दाखवणाऱ्या टीव्हीला २.१ पोर्ट असतोच आणि चित्र मध्ये कुठे अडकत नाही. २०२० साली २.१ वाले पहिले रिसीव्हर आले तेव्हा डेनॉन, मरांट्झ, यामाहा सगळ्यांच्या चिपमध्ये घोळ होता, एक्सबॉक्स सिरीज एक्सवरून ४के १२० दिलं की स्क्रीन काळी, मग कोणी अॅडॉप्टर वाटले, कोणी बोर्ड बदलून दिले. सेकंडहँड बाजारात त्या वर्षाचा माल दिसला तर हे आधी विचारून घ्या.

साधा आर्क पुरेल का ईआर्कच हवा? नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टारवरचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, ते साध्या आर्कवरून पण जातं, फक्त रिसीव्हर अॅटमॉसवाला हवा. ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी आवाज किंवा गेमिंगचा अनकॉम्प्रेस्ड ५.१ टीव्हीमधून न्यायचा असेल तर ईआर्क लागतो. पेन ड्राइव्हवर पिक्चर बघणाऱ्यांसाठी अजून एक, सॅमसंगच्या २०१८ पासूनच्या टीव्हींमध्ये डीटीएस (डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा फॉरमॅट) नाही, त्या ट्रॅकची फाइल लावली की चित्र येतं आणि आवाज नाही, आणि दोष बिचाऱ्या रिसीव्हरला. अशांनी मीडिया प्लेअर सरळ रिसीव्हरलाच लावायचा, म्हणजे निदान एक-दोन चांगले एचडीएमआय इनपुट हवेत.

ज्याच्यासाठी मी दोन पैसे जास्त देईन ती गोष्ट म्हणजे रूम करेक्शन. माइक लावून रिसीव्हर खोलीचा आवाज मोजतो आणि स्वतःला जुळवून घेतो. आपले हॉल म्हणजे फरशी, उघड्या भिंती, एका बाजूला काच नाहीतर बाल्कनी, दुसऱ्या बाजूला डायनिंग, आवाज नुसता आदळत असतो. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ओंक्योत अॅक्यूईक्यू आणि वरच्या मॉडेलांत डिरॅक. पायऱ्या असतात, ऑडिसीची एक्सटी३२ ही वरची पायरी, ती डेनॉनच्या ३००० सिरीजपासून वर मिळते. बजेटमधल्या डब्यातलं करेक्शन साधं असतं पण नसण्यापेक्षा बरंच बरं.

नावं सांगायची तर फक्त पाच स्पीकर आणि टीव्ही एवढंच असेल तर यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ किंवा डेनॉनचा एक्स५८०बीटी ह्या वर्गात बघा, दोन्हीत अॅटमॉस नाही, दुसऱ्यात ईआर्क आहे. वायफाय आणि अॅटमॉस दोन्ही हवं तर डेनॉन एक्स१८००एच किंवा ओंक्यो एनआर६१०० हा वर्ग, ७.२ वाले. त्याच्या आधीचं मॉडेल शिल्लक पडलेलं असेल तर तेच उचला, नव्या मॉडेलात बहुतेक वेळा नाव सोडून फार काही बदलत नाही.

अमेरिकेतला भाऊ नाहीतर मेव्हणा 'मी येताना आणतो, इकडे निम्म्यात मिळतो' म्हणाला तर जरा थांबा. तिकडचा डबा १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. थेट लावला तर मेलाच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मिक्सरवाला छोटा नाही, मागे वॅटचा जो आकडा असेल त्याच्या दीड-दोनपट तरी, तो तापतो, कधी गुणगुणतो, जागा खातो. वॉरंटी इथे चालत नाही. आठ-दहा किलोचं वजन बॅगेत आणि कस्टमचा प्रश्न वेगळाच. दुबईवाल्यांचं व्होल्टेज जुळतं, पण वॉरंटीचं रडगाणं तेच.

सेकंडहँडला मी नाही म्हणत नाही, उलट पाच चॅनलवाल्याला तिथेच सगळ्यात जास्त माल मिळतो. पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालू बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. स्वतःचा छोटा स्पीकर आणि वायर घेऊन जा, प्रत्येक चॅनलला लावून टेस्ट टोन ऐका, प्रत्येक एचडीएमआय पोर्टात टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक खुपसून बघा, अर्धा तास चालू ठेवा, वरच्या जाळीला हात लावा, गरम असणारच पण हात ठेवता आला पाहिजे. जाळीतून टॉर्च मारून आत बघा, झुरळांची आणि पालीची अंडी दिसली, किंवा कोकणातल्या-गोव्यातल्या समुद्रकाठच्या घरातला डबा असेल आणि पोर्टांवर हिरवट गंज, तर नमस्कार करून निघा. माइक आणि रिमोट मागून घ्या. माइक त्या-त्या कंपनीचा आणि सिस्टीमचाच चालतो, त्यामुळे नसेल तर भाव पाडा.

नवा घेणार तर ऑनलाइन भाव बघा, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या डीलरकडे जाऊन तो दाखवा, दसरा-दिवाळीच्या आसपास बरेच जण तेवढ्यात देतात. भाव जुळला नाही तर वायर, एचडीएमआय केबल, सब केबल मागा, त्यात त्यांचं मार्जिन बक्कळ असतं म्हणून सोडायला हरकत नसते. महागडी सोनेरी केबल मात्र स्वतःच्या पैशाने घेऊ नका, ४के ६० ला १८ जीबीपीएसची सर्टिफाइड केबल पुरते. सगळ्यात आधी विचारायचं ते सर्व्हिसचं, सांगली-नगर-लातूरला राहत असाल तर बिघडल्यावर डबा पुण्या-मुंबईला कोण नेणार, कंपनी उचलते का तुम्हीच पार्सल करायचं. म्हणून खोकं आणि आतला थर्मोकोल माळ्यावर ठेवून द्या, रद्दीवाल्याला देऊ नका.

घरी आणल्यावर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, वर निदान चार-सहा इंच मोकळं सोडा, आणि त्याच्यावर सेट टॉप बॉक्स ठेवू नका. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि ढग गडगडायला लागले की प्लग आणि सेट टॉप बॉक्सची केबल दोन्ही काढा. माइकने कॅलिब्रेशन करताना पंखा आणि एसी बंद ठेवा, पोरांना आत पाठवा. झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर लार्ज झाले असतील तर स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा, खालचा बेस सबला जाऊ दे. पहिल्या आठवड्यात सगळी पोर्टं वापरून बघा, तक्रार असेल तर बदलून मिळायची मुदत तेवढीच असते.