वसंतातील रपेटीवर एकमेकांच्या सायकली कशा पारखाव्यात

थंडी ओसरल्यापासून ऊन तापू लागेपर्यंतचे जे काही आठवडे हाती येतात, ते सायकलस्वारांच्या वर्षातले सर्वांत मोलाचे दिवस असतात. हिवाळाभर एकेकट्याने चालवणारी मंडळी पुन्हा एकत्र निघतात, कोणी नवी सायकल घेतलेली असते, कोणी घेण्याच्या विचारात असतो, आणि पहिल्याच थांब्यावर “जरा तुझी चालवून बघू का?” असा प्रश्न निघतो. या प्रश्नाला नेहमी होकार द्यावा असे माझे मत आहे, कारण ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या वेगाने चालवलेली सायकल दुकानाबाहेरच्या दहा मिनिटांच्या फेरीपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते. मात्र अशा अदलाबदलीत दोन सायकलींमधला म्हणून जो फरक जाणवतो, तो पुष्कळदा टायरमधल्या हवेचा, सीटच्या उंचीचा किंवा केवळ फिरलेल्या वाऱ्याचा असतो. हे फरक आधी बाजूला काढले, तरच उरलेला फरक सायकलीचा म्हणता येतो.

सुरुवात घरी करावी. हिवाळ्यात फारशी न फिरलेली किंवा ओल्या रस्त्यावर खूप फिरलेली सायकल आहे तशी तुलनेला नेणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. चेन मोजून पाहावी: पिनेपासून पिनेपर्यंत एका कडीचे अंतर १२.७ मिलिमीटर असते, म्हणून २४ कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. हेच अंतर ३०६.३ मिलिमीटरच्या पुढे गेले असेल तर चेन अर्धा टक्का झिजली आहे, आणि मागे ११ किंवा १२ चक्रांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, असेल तर ती बदलण्याची वेळ आली आहे. झिजलेल्या चेनवर गिअर अडखळतात आणि दोष मात्र गिअरच्या कंपनीला लागतो. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमधले सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, काही महिन्यांत सुकून जाते, तेव्हा ते आत उरले आहे का ते पाहून घ्यावे. डिस्क ब्रेकचे पॅड नवे बसवले असतील, तर बऱ्यापैकी वेग घेऊन, चाक न अडकवता, सुमारे २० वेळा सलग वेग कमी करावा. त्याशिवाय पॅड आणि डिस्क एकमेकांना बसत नाहीत, आणि ब्रेकविषयीचे तुमचे मत अकारण वाईट होते.

यानंतर मोजपट्टी घ्यावी. क्रँकच्या, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला पॅडल बसते त्याच्या, आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, स्वतःच्या सायकलीवरचे अंतर मोजून लिहून ठेवावे, आणि सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतरही नोंदवावे. मित्राच्या सायकलीवर बसण्यापूर्वी तिची सीट याच उंचीवर आणावी. दोन्ही सायकलींच्या क्रँकची लांबी वेगळी असेल, तर तेवढा फरक धरावा, कारण १७० ऐवजी १७५ मिलिमीटरचा क्रँक असल्यास पॅडल तळाशी ५ मिलिमीटर अधिक खाली जाते आणि सीट तेवढी उतरवावी लागते. ज्यांनी स्वतःची उंची कधी मोजलेलीच नाही, त्यांनी पॅडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहील अशी सीट लावून पाहावी. या एका मोजमापाकडे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडेही होत नसेल. सीट २ सेंटिमीटर खाली असलेली उत्तम सायकलसुद्धा चढावर जड वाटते, आणि चालवणारा “हिची फ्रेम मऊ आहे” असे सांगत परत येतो.

फ्रेमवर लिहिलेल्या मापावर विसंबू नये, कारण एका कंपनीचे ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५४शी जुळेलच असे नाही. दोन आकडे मात्र सर्वत्र एकाच अर्थाने वापरले जातात: क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. ज्या सायकलीवर पाठ दुखत नाही तिचा स्टॅक आणि रीच माहीत असेल, तर इतरांच्या सायकली चालवून पाहण्याआधीच निम्मी निवड होऊन जाते.

अदलाबदलीपूर्वी दोन गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत आणि त्यांत तडजोड करू नये. पहिली म्हणजे पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे विचारावे आणि जागेवर उभे राहून स्वतः दाबून पाहावे. काही सायकलींवर तो उजव्या हाताला असतो, काहींवर डाव्या, आणि उतारावर सवयीने चुकीचा लिव्हर जोरात ओढला गेला तर पडण्यास तेवढे पुरते. दुसरी गोष्ट पॅडलची. बुटांच्या क्लीटचे, म्हणजे तळव्याला लावलेल्या आणि पॅडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्यांचे, प्रकार वेगळे असतील तर स्वतःचे पॅडल बसवून घ्यावेत, मात्र डावे पॅडल उलट आट्यांचे असते आणि ते सोडवताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो, हे विसरू नये. सीटचा किंवा हँडलचा बोल्ट आवळताना त्याच्याजवळ छापलेला न्यूटन मीटरचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा पाळावा, आणि फ्रेम किंवा सीटचा खांब कार्बनचा असेल तर हा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याशिवाय हात लावू नये.

आता टायर. माझ्या अनुभवात दोन सायकलींमधल्या जाणवणाऱ्या फरकाचा सर्वांत मोठा वाटा इथे असतो, म्हणून थोडे थांबून पाहू. एकच हवामापक सर्व सायकलींना वापरावा, कारण दोन पंपांचे काटे सहज ५ पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) वेगळे बोलतात. मात्र सर्व टायरमध्ये सारखाच आकडा भरणे म्हणजे समान वागणूक नव्हे, कारण टायर जितका रुंद तितकी त्याला कमी हवा पुरते. सुमारे ७० किलो वजनाच्या चालकाला मागच्या २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा योग्य वाटत असेल, तर ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५च्या आसपास तसाच अनुभव मिळतो. मागच्या चाकावर अधिक भार येत असल्याने पुढच्या टायरमध्ये दोन-चार पीएसआय कमी ठेवावेत. टायरची कड अडकवणारा हुक नसलेल्या रिमवर मात्र ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे आणि टायरवर त्याहून कमी आकडा छापलेला असेल तर तोच पाळावा. मला असे वाटते की ज्यांना आपली सायकल हादरे देते म्हणून नवी घ्यायची आहे, त्यांनी आधी टायर थोडे रुंद घेऊन हवा कमी करून पाहावी. फ्रेम आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा असेल, तर पुष्कळांची गरज तिथेच भागते.

टायरची परीक्षा स्वतंत्रपणे घेता येते. रहदारी नसलेला, खाली सपाट होत जाणारा सौम्य उतार शोधावा, एका ठरलेल्या खुणेवर थांबून पॅडल न मारता सायकल सोडावी आणि ती कुठे जाऊन थांबते ते पाहावे. वेग कमी असल्याने हवेचा अडथळा इथे फारसा नसतो, त्यामुळे जे दिसते ते मुख्यतः टायरचे आणि हबचे (चाकाच्या मधल्या फिरत्या भागाचे) काम असते. चालक तोच, बैठक तीच, आणि प्रत्येक सायकलीला किमान तीन संधी.

खरी तुलना मात्र एका ठरलेल्या फेरीवर करावी. आठ-दहा किलोमीटरची अशी फेरी निवडावी जिच्यात एखादा किलोमीटरभर चढ, एक वळणावळणाचा उतार, थोडा खडबडीत पट्टा आणि एक लांब सरळ रस्ता असेल. फेरीचा क्रमही ठरवून घ्यावा: आधी स्वतःची सायकल, मग मित्राची, पुन्हा मित्राची आणि शेवटी स्वतःची. हा क्रम कंटाळवाणा वाटला तरी त्यामागे कारण आहे. पहिल्या फेरीत पाय गरम झालेले नसतात आणि शेवटच्या फेरीत ते थकलेले असतात, त्यामुळे दोन टोकांच्या आणि मधल्या दोन फेऱ्यांची सरासरी घेतली की गरम होण्याचा आणि थकण्याचा परिणाम बराचसा वजा होतो.

वसंतात या क्रमाला आणखी महत्त्व येते, कारण याच दिवसांत सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात मोठा फरक असतो. सकाळी १० अंश सेल्सियसला ६० पीएसआय भरलेला टायर दुपारी २५ अंशांवर सुमारे ६४ पीएसआय होतो, आणि तेवढ्याच फरकाने हवेची घनताही सुमारे ५ टक्क्यांनी घटते. म्हणजे सकाळी आपली आणि दुपारी मित्राची सायकल चालवली, तर मित्राच्या सायकलीला हलक्या हवेचा फायदा आयता मिळतो. सकाळी घातलेले जाकीट दुपारी काढले की त्यात भर पडते, कारण वाऱ्यावर फडफडणारे कापड हवेचा अडथळा चांगलाच वाढवते. ऊन चढले की वाराही सहसा वाढतो. वाऱ्यात गमावलेला वेळ परतताना पूर्ण भरून निघत नाही: २० किलोमीटर जाताना ताशी २० आणि येताना ताशी ३० असा वेग पडला तर सरासरी २५ येत नाही, २४ येते. म्हणून वाऱ्याच्या दिवसाची सरासरी शांत दिवसाच्या सरासरीशेजारी मांडू नये. फक्त रपेटीसाठी निघाला असाल तर वाऱ्याच्या तोंडावर बाहेर पडावे आणि वारा पाठीशी घेऊन घरी यावे, कारण हंगामाच्या सुरुवातीला पाय पुरेसे तयार नसतात आणि परतीचा उलटा वारा दिवसाचा सगळा आनंद घालवतो.

सरळ रस्त्यावर हात दोन्ही सायकलींच्या हँडलवर सारख्याच जागी ठेवावेत. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला बहुतांश शक्ती हवा कापण्यात जाते आणि त्या अडथळ्यातला मोठा भाग चालकाच्या शरीराचा असतो, फ्रेमचा नव्हे. एखादी सायकल वेगवान वाटली तर तिचे हँडल आपल्या हँडलपेक्षा किती खाली आहे ते आधी पाहावे. तेवढाच फरक स्टेमखालच्या (हँडल धरणाऱ्या भागाखालच्या) कड्या काढून आपल्या सायकलीवर साधत असेल, तर मोठा निर्णय पुढे ढकलता येतो.

चढावर वजनाची चर्चा हमखास निघते, म्हणून तिथे थोडा हिशेब करावा. चालक आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ८ टक्के आणि वेग ताशी ९ किलोमीटर असेल, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १५६ वॅट लागतात. सायकल १ किलोने हलकी केली तर त्यातले जेमतेम २ वॅट वाचतात. आता गिअर पाहा. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पॅडलजवळचे चक्र), मागे ३४ दातांचे चक्र आणि २८ मिलिमीटरचे टायर असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१४ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला ७० फेरे मारल्यास तोच ताशी ९ किलोमीटरचा वेग मिळतो. मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दातांचे असेल, तर तितक्याच फेऱ्यांना ताशी ११च्या आसपास वेग ठेवावा लागतो आणि त्याला सुमारे १९० वॅट लागतात. ज्याच्या पायांत तेवढी ताकद नाही तो फेरे कमी करतो, दात-ओठ खात पॅडल दाबतो आणि गुडघे दुखवून घेतो. म्हणून वजनकाट्यावरचा आकडा विचारण्याआधी मागच्या चक्राचे दात मोजावेत. चढणीच्या रस्त्यांवर जाणाऱ्या नव्या सायकलस्वाराला मी तरी हलक्या फ्रेमऐवजी मोठी कॅसेट घेण्याचाच सल्ला देईन.

उतारावर आणि वळणांवर घाई करू नये, कारण अनोळखी सायकलीचा स्वभाव कळायला दोन फेऱ्या लागतात. दोन चाकांच्या आसांमधले अंतर रेसिंगच्या सायकलीत साधारण ९८ ते १०० सेंटिमीटर असते, तर खडीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या सायकलीत ते बहुधा १०२ च्या पुढे जाते. पहिली चटकन वळते, दुसरी धरलेली रेषा सोडत नाही. यांतले कोणते चांगले हे रस्ता ठरवतो. ब्रेक पाहताना तो किती जोरात लागतो यापेक्षा दोन बोटांनी त्याचा जोर किती बारकाईने कमी-जास्त करता येतो याकडे लक्ष द्यावे.

फ्रेम पोलादाची, अ‍ॅल्युमिनियमची, कार्बनची की टायटॅनियमची, यावर फार वेळ घालवावासा मला वाटत नाही. टायर आणि हवा सारखी केल्यावर हा फरक बराच ओसरतो.

प्रत्येक फेरीनंतर, इतरांशी बोलण्याआधी, स्वतःची नोंद लिहावी. एकाने “ही पळते” म्हटले की बाकीच्यांनाही ती पळू लागते. नोंदीत वेळेबरोबर हात, मान, पाठ आणि बैठक यांविषयी एकेक वाक्य असावे, आणि काही सेकंदांच्या फरकाला अर्थ देऊ नये.

फेऱ्यांतून एखादी सायकल मनात भरली, तर तिच्या मालकाला विनंती करून एका सुट्टीच्या सकाळी ती तीन तासांसाठी मागून घ्यावी. तळहात बधिर होणे, मान आखडणे, सीट टोचणे या गोष्टी पहिल्या तासात कळत नाहीत. मात्र हिवाळ्यानंतर पहिल्या काही रपेटींत स्वतःच्या सीटवरही थोडे दुखते, म्हणून ही लांब रपेट हंगामाच्या पहिल्या आठवड्यात न ठेवता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवावी. सायकल घेतानाच तिच्या सीटच्या खांबाभोवती चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, म्हणजे परत देताना सीट अचूक जागी बसते. मालकाचे पॅडल पुन्हा लावून दोन्ही बाजू घट्ट आवळाव्यात, हवा त्याच्या नेहमीच्या आकड्यावर आणावी, चेन पुसून तेल द्यावे आणि त्याच्या देखत दोन्ही ब्रेक दाबून दाखवावेत.