ट्रॅक्टरचा दिवा पेटला किंवा आवाज बदलला : इंजिन लगेच कधी बंद करावे आणि कधी करू नये

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत ट्रॅक्टर दिवसाआड, आणि ढगाळ हवामानात तर रोजच, ब्लोअर चालवत असतो. ही फवारणी बऱ्याचदा पहाटे किंवा रात्री होते, ब्लोअरच्या पंख्याच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही आणि चालवणाऱ्याचे लक्ष मागच्या नोझलकडे असते. अशा वेळी समोर पेटलेला बोटाच्या पेराएवढा दिवा सहज नजरेआड होतो. म्हणून प्रत्येक दिव्याचा अर्थ चालवणाऱ्याला पाठ असलाच पाहिजे. परंतु तो पेटल्यावर आपल्या हातात किती वेळ उरतो, हे कळणे मला त्याहून महत्त्वाचे वाटते, कारण एका दिव्याला इंजिन त्याच क्षणी बंद करावे लागते, तर दुसऱ्याला तसे केल्याने नुकसान वाढू शकते.

सुरुवात चावीपासून करावी. इंजिन चालू करण्याआधी चावी ‘ऑन’वर आणली की ऑईलचा आणि बॅटरीचा लाल दिवा पेटला पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत दोन्ही विझले पाहिजेत. चावी फिरवूनही जो दिवा पेटत नाही, तो मला पेटून राहिलेल्या दिव्यापेक्षा अधिक धोकादायक वाटतो. बल्ब, फ्यूज किंवा वायर गेलेली असते आणि पुढे खरोखर बिघाड झाला तरी आपल्याला काहीच कळणार नाही. जुन्या ट्रॅक्टरांवर आणखी एक सवय दिसते. त्यांचे इंजिन दांडा ओढून बंद होते, चावीने नव्हे. त्यामुळे काही जण इंजिन चालू झाल्यावर चावी मागे फिरवतात किंवा काढून खिशात ठेवतात. इंजिन चालूच राहते, पण डॅशबोर्ड मात्र पूर्ण आंधळा होतो. चावी काम संपेपर्यंत ‘ऑन’वरच असावी.

तेलाच्या कॅनचे चित्र असलेला लाल दिवा चालू कामात पेटला, तर ओळ पूर्ण करण्याचा विचारही करू नये. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑईलचा पातळ थर दाबाने टिकलेला असतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकते. क्लच दाबून, भार सोडून इंजिन ताबडतोब बंद करावे. ट्रॅक्टर सपाट जागी असेल तर दहा मिनिटांनी गेज काडी पुसून ऑईल पाहावे. ऑईल कमी असेल तर योग्य दर्जाचे ऑईल भरून पुन्हा चालू करून पाहावे. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर पंप, गाळणी किंवा दाबाचा सेन्सर यांपैकी काय बिघडले आहे हे मिस्त्रीने गेज लावून ठरवेपर्यंत ट्रॅक्टर ओढूनच न्यावा. काडीवरचे ऑईल पाण्यासारखे पातळ झाले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर नुसती भर घालून उपयोग नाही.

बॅटरीच्या दिव्याबद्दल मात्र गैरसमज फार आहे. आमच्या बागेत एकदा फवारणी सुरू असताना तो पेटला; चार्जिंगचे उद्या पाहू, असे म्हणून राहिलेल्या ओळी करायचे ठरले. प्रत्यक्षात फॅन बेल्ट तुटला होता. अनेक ट्रॅक्टरांत एकच बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र), रेडिएटरचा पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो, म्हणून तो तुटला की बॅटरीचा दिवा आधी पेटतो आणि इंजिन त्यानंतर तापते. त्या दिवशी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची सील, गेले. हा दिवा पेटला की थांबून आधी बेल्ट जागेवर आहे का हे पाहावे. बेल्ट शाबूत आणि ताठ असेल तर दोष अल्टरनेटर किंवा वायरिंगचा समजून सावकाश घरापर्यंत येता येते.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की पीटीओ (अवजाराला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) बंद करावा, गिअर न्यूट्रल करावा आणि इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे भाराशिवाय हलक्या रेसवर चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते आणि साचलेली उष्णता बाहेर पडते. बेल्ट तुटला असेल, होज फुटला असेल, पाणी सांडत असेल किंवा ऑईलचाही दिवा पेटला असेल, तर मात्र ताबडतोब बंद करणेच योग्य. तापलेल्या इंजिनाचा काटा एकाएकी खाली आला तरी निश्चिंत होऊ नये; पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा खोटा आकडा दाखवू शकतो. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळलेले दिसत नाही, आणि झाकण उघडताच अंगावर उसळते. इंजिन पुरते थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो.

आपल्या भागात तापण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे रेडिएटरची बुजलेली जाळी. ब्लोअरने उडालेली पाने आणि औषधाचे तुषार तिच्यावर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि घट्ट थर होतो. जाळी काढून झटकावी, आणि रेडिएटर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने धुवावा. बोअरचे जड पाणी वारंवार भरल्याने आतून क्षार धरतात, म्हणून कूलंटच वापरावे. कांद्याची भरलेली ट्रॉली घेऊन राहुड घाट चढण्याआधी एवढे तपासून घ्यावे.

पिवळे दिवे काम आटोपते घेण्यास सांगतात. एअर फिल्टरचा दिवा पेटला आणि धूर काळा येऊ लागला, तर फिल्टर बुजला आहे. तो चाकावर आपटू नये, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारावी, आणि आतला लहान फिल्टर साफ न करता बदलावा. डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर इंजिन बंद करून खालच्या वाटीचा स्क्रू ढिला करावा आणि पाणी काढावे. इंजिन सुरू होईना तर लाइनमधली हवा काढावी लागते. गुंडाळीच्या चित्राचा दिवा बिघाडाचा नाही, तो थंड इंजिन चालू करण्याआधी तापवणाऱ्या हीटरचा आहे. निफाडच्या थंडीत तो विझेपर्यंत थांबूनच चावी पुढे फिरवावी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झाले असून, त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. अशा ट्रॅक्टरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा पेटून ताकद अचानक कमी झाली, तर इंजिन स्वतःला सांभाळत आहे असे समजावे.

बझर सगळ्या ट्रॅक्टरांना नसतो, आणि असला तरी कानात इयरफोन घालून तो ऐकू येत नाही. चालू करताना चर्रकन ओरडणारा आवाज सैल बेल्टचा असतो. लिफ्ट उचलताना सतत कण्हल्यासारखा आवाज आला तर हायड्रॉलिकचे ऑईल कमी आहे किंवा गाळणी बुजली आहे. लिफ्ट अगदी वर टेकल्यावर येणारा तसाच आवाज मात्र दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असू शकतो, आणि दांडा जरासा खाली घेतला की तो थांबतो. पीटीओ शाफ्टची कटकट क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) झिजल्याचे सांगते, पण हात लावण्यापूर्वी पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद हवेत. रेसबरोबर वाढणारा जड, खोल ठोका ऐकू आला, तर दिवा पेटो न पेटो, ऑईलच्या दिव्याइतक्याच तातडीने इंजिन बंद करावे.

मिस्त्रीला बोलावण्याआधी पेटलेल्या डॅशबोर्डचा मोबाइलवर फोटो काढावा आणि बॅटरीची वायर सोडू नये. तासांच्या मीटरचा आकडा, त्या वेळी कोणते अवजार चालू होते आणि दिवा आधी पेटला की आवाज आधी आला, एवढे त्याला फोनवरच सांगावे, म्हणजे तो लागणारा बेल्ट किंवा फिल्टर बरोबर घेऊनच शेतावर येईल.